२६ जानेवारीच्या ग्रामसभेला, मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवरून

मा. सरपंचताई, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सगळे सदस्य आणि झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात बसणारी वडीलधारी मंडळी,

रामराम.

परवा ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्रामसभेची नोटीस आली. विषय क्रमांक सात : गावातील १८ वर्षांखालील मुला-मुलींना मोबाईल वापरण्यास बंदी, न पाळल्यास पालकांना ५०० रुपये दंड. नोटिशीखाली तीस-चाळीस अंगठे पडले, दोघा-तिघांनी हात जोडले, आणि एकानं नेहमीप्रमाणं शुभ सकाळचं फूल टाकलं. मोबाईलबंदीची नोटीस मोबाईलवरच आली म्हणून मला हसू आलं. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी काढायला नको. धारूरच्या स्टँडजवळ माझी मोबाईल दुरुस्तीची टपरी आहे. स्क्रीनगार्ड लावणं, चार्जिंगची पिन बदलणं, डिस्प्ले टाकणं, रिचार्ज मारणं यावर माझं घर चालतं. लेकरांच्या हातात फोन राहिला तर मला दोन पैसे सुटतात, हे खरंय. पण गावातल्या लेकरांचे फोन आतून-बाहेरून माझ्याइतके कुणी बघितले नसतील, हेही तेवढंच खरं.

तुम्ही समजता तसं प्रत्येक लेकराच्या खिशात फोन नाही. आपल्या गावात बहुतेक घरी टचचा फोन एकच. दिवसभर तो बापाबरोबर रानात नाही तर आडतीवर असतो. आईकडं बटनाचा. बाप जेवायला बसला की तेवढ्या वेळात फोन लेकराच्या हातात येतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात सगळं जग उरकायचं. मध्येच बापाचा फोन वाजला की संपलं. आणि मुलगी असेल तर तेवढंही धड नाही. एक पोरगी पिन बदलायला फोन घेऊन आली होती. काम चालू असताना स्क्रीनवर मेसेज आला, नाव 'गॅस एजन्सी', मजकूर 'आलीस का ग घरी?' मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. म्हणली, "मैत्रीण आहे काका. तिच्या नावानं सेव्ह केलं की घरचे विचारतात रोज काय बोलता म्हणून." गॅस एजन्सीचा फोन आला तर कुणी विचारत नाही.

आता मुद्द्याचं. मी स्वतः नववीत असताना ऊसतोडीला फडावर गेलो. सन १९९५. दसरा झाला, मुकादमाची उचल, म्हणजे तोडीची आगाऊ रक्कम, आधीच घरात येऊन खर्चून गेली होती, आजी वारलेली, मला मागं ठेवायला कुणी नव्हतं. आई-बापानं मलाही ट्रकमध्ये घातलं. सांगलीकडच्या एका कारखान्याचा ऊस, रस्त्याच्या कडेला झोपडीवजा कोपी, पहाटे तीनला उठून दव पडलेल्या मोळ्या बांधायच्या. कष्टाचं मी तुम्हाला काय सांगू, समोर बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या हाताला अजून कोयत्याचे घट्टे आहेत. मला सांगायचंय ते माझ्या बाकाचं. माझा एक दोस्त होता, पहिलीपासून आम्ही एका बाकावर. त्याला मी फडावरून अंतर्देशीय पत्र टाकलं, पत्ता शाळेचा घातला. पत्र त्याला मिळालं, पण त्याला उत्तर लिहिता येईना. लिहायचं कुठं? कोपीला पत्ता नसतो. आज या गावच्या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या.

चैत्रात परत आलो तर माझ्या जागेवर दुसरा बसत होता. दोस्त बोलला, नाही असं नाही. पण सहा महिन्यांत त्यांच्या कितीतरी गोष्टी होऊन गेल्या होत्या. सरांची कसली तरी नक्कल, सहलीत कुणाची चप्पल वाहून गेली त्याची चेष्टा. सगळे हसायचे आणि मी आपला बघत बसायचो. जूनला शाळा उघडली, मी गेलो नाही. घरचे सांगतात पैसा नव्हता म्हणून शाळा सुटली. पैसा तर त्याआधी पण नव्हता.

हे मी तीस वर्षांत कुणाला बोललो नाही. गेल्या जानेवारीत आठवलं, ते असं. नववीतलं एक पोरगं स्पीकर गेलेला फोन घेऊन टपरीवर आलं. स्पीकर टाकला की मी रिंगटोन वाजवून बघतो. पोरगं म्हणलं, "रिंगटोन नको काका, हे लावा." व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज होता, दोन दिवस ऐकायचा राहिलेला. मी बटन दाबलं. मागं ट्रॅक्टरची धडधड, कुणीतरी बैलाला ओरडतंय, आणि त्यातून एका पोराचा आवाज : "ऐ, माझ्या जागेवर कोण बसायलंय रे? सांग त्याला, मी आल्यावर उठावं लागंल." पोरगं खुदकन हसलं आणि माझ्या काउंटरवर वाकून तिथल्या तिथं उत्तर बोललं : "कुणी नाही बसत. दप्तर ठेवायलोय मी तिथं."

स्पीकरचे पैसे मी घेतले, धंदा धंद्याच्या जागी. पण दुपारभर कामात लक्ष लागलं नाही. एका बाईच्या फोनला दुसऱ्याच फोनचं कव्हर बसवून दिलं, ती संध्याकाळी भांडायला आली.

त्या कोपीत वीज नसते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं फोन चार्ज करायचा तर मळेवाल्याच्या हातापाया पडून मोटारीच्या पेटीवर, नाही तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, नाही तर नाक्यावरच्या किराणा दुकानात पाच-दहा रुपये मोजून. रेंज मिळायला बांधावर चढायचं. एवढं करून ते पोरगं काय विचारतं, तर माझ्या जागेवर कोण बसतंय.

दहावीच्या पोरी वहीच्या पानांचे फोटो काढून फडावरच्या मैत्रिणीला पाठवतात, विज्ञानाची आकृती असली की रंग दिसावा म्हणून उजेडात धरून दुसऱ्यांदा काढतात. हे मी पाहिलंय, कारण फोनचा कॅमेरा धूसर झाला की तक्रार माझ्याकडं येते. तिकडं रात्री रेंज आली की चाळीस फोटो एकदम उतरतात आणि दिवसाचं नेट संपून जातं. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा एका कंपनीचं एक जीबीचं १५ रुपयांचं कूपन १९ ला झालं. तुम्हा-आम्हाला ते चार रुपये कळलेही नसतील, टपरीवर लेकरांना कळले. आता दोघी-तिघी मिळून पैसे काढतात, एकीच्या फोनला मारतात आणि बाकीच्या तिच्या हॉटस्पॉटवर बसतात, एका पुस्तकात चौघींनी डोकं घालावं तशा.

स्नॅपचॅट नावाचं एक ॲप आहे. त्यात दोघांनी एकमेकांना रोज, चोवीस तासांच्या आत, एक तरी फोटो पाठवला की नावापुढं आगीचं चित्र येतं आणि किती दिवस झाले त्याचा आकडा. एक दिवस चुकला की आकडा गेला. फोटो कशाचा म्हणाल, तर भिंतीचा, पायाच्या अंगठ्याचा, अर्ध्या कपाळाचा. मला हे निव्वळ येडेपण वाटायचं. कंपनीनं हा खेळ लेकरांना गुंतवून ठेवायला काढलाय, आकडा तुटायची धास्ती घालून रोज ॲप उघडायला लावायचं, एवढं मला कळतं. पण दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी एक पोरगं टपरीवर आपल्या मित्राला पासवर्ड लिहून देताना बघितलं. "माझ्या नावानं रोज एक टाकत जा, तुटू देऊ नको." आपण गावाला जाताना जनावर कुणाच्या तरी दावणीला बांधून जातो ना, तसं ते आकडा सांभाळायला देऊन गेलं. आपल्यातले माळकरी एकादशी मोडत नाहीत. नेमाची किंमत या गावाला मी सांगायला नको.

आमच्या वयात आम्ही कुठं भेटायचो, आठवून बघा. विहिरीवर पोहायला, पारावर, चिंचेखाली. विहिरी फेब्रुवारीत तळ दाखवायला लागल्या. पाराला फरशी बसली आणि तिथं आता पत्त्याचा डाव असतो, लेकरू जवळ गेलं की 'अभ्यास नाही का रे' म्हणून हाकलतो आपण. पोरींना तर पार कधीच नव्हता, त्यांना नदीवर धुणं होतं, आडावर पाणी होतं. नळ आला, बरंच झालं, डोक्यावरचा हंडा गेला. पण हंड्याबरोबर अर्धा तास मैत्रिणीशी बोलायला मिळायचं तेही गेलं, याचा विचार कुणी केला नाही. मीही नाही.

माझ्याच घरातलं सांगतो. मुलगी अकरावीत आहे. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेबाराला तिच्या गोधडीतून उजेड दिसला. फोन ओढून घेतला, ओरडलो, नको ते बोललो. पासवर्ड मला माहीत होता, नाही तरी उघडणं माझाच धंदा. पहाटेपर्यंत बसून सगळं वाचून काढलं. म्हणलं, आता काहीतरी सापडणार. दोनशेच्या वर मेसेज, एकाच मैत्रिणीचे. काय होतं? "जेवली का?" "हो." "काय होतं?" "वांगं." "आमच्यात पण." "परत?" "परत." मग हसणारी तोंडं. मग उद्या वेणी कुणी कशी घालायची. मग बाईंचं कुत्रं. मग परत वांगं. आपण पारावर बसून जे बोलतो त्याच्यात आणि याच्यात मला काडीचा फरक दिसेना, फक्त आपल्याकडं वांग्याच्या जागी कापसाचा भाव असतो.

फोन मी परत दिला. पण तिनं त्यानंतर महिनाभर माझ्याशी जेवताना शब्द काढला नाही, आणि पासवर्ड बदलला तो आजतागायत मला माहीत नाही. मी विचारलाही नाही.

लेकरं सोन्याची आहेत असं माझं म्हणणं नाही. रात्र-रात्र गेम खेळून वर्गात पेंगणारी आहेत. बापाच्या खात्यातून गेमसाठी पैसे उडवून, 'मेसेज आला तर तो काढून टाकता येतो का' असं मलाच विचारणारा बहाद्दर आहे. मागं एका पोरीचा वाढदिवसाचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला, त्यावर घाणेरडं लिहिलं, आणि तो या फोनमधून त्या फोनमध्ये फिरला. मुलगी चार महिने शाळेत आली नाही. तिचा फोन घरच्यांनी चुलीत घातला, अक्षरशः. ज्या पोरांनी फोटो फिरवला त्यांचे फोन? त्यातले दोन माझ्याकडं नवीन कव्हर लावायला आले होते. मी लावून दिलं. तेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं, उघडलं नाही, त्याची लाज वाटते.

म्हणून विचारतो, तुमच्या या ठरावानंतर कुणाचा फोन जाणार? सोळा वर्षांच्या पोराच्या खिशातला फोन काढायची कुणाची टाप आहे? तो म्हणणार, दुधाच्या हिशोबाला लागतो, मोटार चालू करायला लागतो. खरं पण आहे, आता स्टार्टर मोबाईलवर चालतात. पाचशे रुपयांच्या धाकानं फोन निघणार तो पोरीच्या हातातला. आणि ५०० रुपये म्हणजे दीड दिवसाची मजुरी, ती भरणार तिची आई.

आता एक गोष्ट अशी सांगतो की जिच्यात मी नाव, वाडी, वर्ष काहीच सांगणार नाही. सातच्या सुमाराला, टपरी बंद करताना, दोन पोरी आल्या. काही घ्यायचं नव्हतं. एकीनं कव्हर बघितल्यासारखं केलं, दुसरी खाली बघून म्हणली, "काका, दहा-नव्व्याण्णवला... नाही, दहा-अठ्ठ्याण्णवला फोन लावायला बॅलन्स लागतो का?" मी म्हणलं, "नाही बाळा, १०९८ हा लेकरांच्या मदतीचा नंबर, फुकट आहे. बॅलन्स संपला असला तरी लागतो." तिनं मान हलवली. "आणि आपला नंबर त्यांला दिसतो का? ते सांगतेत का कुणाला?" मी म्हणलं, नाव सांगू नका म्हणलं तर सांगत नाहीत. दोघी गेल्या. लग्न त्यांच्यातल्या एकीचं नव्हतं, तिसरीच होती, जिला पंधरा दिवसांपासून शाळेत पाठवलं नव्हतं आणि जिच्याशी यांचं बोलणं चोरून, मेसेजवर, आईच्या फोनवरून चाललं होतं. ते लग्न झालं नाही. एवढंच सांगतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्याचा आकडा आहे : २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं. शंभरात चव्वेचाळीस म्हणा. कारणं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. कोयता जोडीचा लागतो, म्हणजे तोडीला नवरा-बायको दोघं लागतात, उचल जोडीला मिळते, आणि वयात आलेली पोर एकटी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची. त्यात 'पोरगी फोनवर बोलती' हे आता नवीन कारण आलंय, हे मी टपरीवर ऐकतो. मग ज्या फोनवर बोलती म्हणून लग्न लावायचं, त्याच फोनवरून ते थांबतं, हेही ऐकून ठेवा.

बंदी घालणारं आपलं पहिलं गाव नाही. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये अठराखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला होता. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं वेगळं केलं. तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास फोन बंद, टीव्ही बंद, पण सगळ्या घराचा. आई मालिका बघत नाही, बाप फोन बघत नाही, तेव्हा कुठं लेकरू पुस्तक उघडतं. मला विचाराल तर हे पटतं. आपल्याकडं भोंगा लावायचा तर लावा, मी वर्गणी देतो. फक्त आधी सप्ताहात कीर्तन चालू असताना कुणाकुणाचे फोन वाजले ते आठवा. त्यात अठराखालचा एकही नव्हता.

आता माझी खरी मागणी. विषय क्रमांक सात २६ जानेवारीला घेऊ नका. १ मेच्या ग्रामसभेत घ्या.

कारण साधं आहे. आज गावात कोण आहे? ट्रक भरभरून निम्मं गाव दिवाळीनंतर फडावर गेलंय. ज्या आई-बापांना तुम्ही दंड लावणार ते तिथं मोळ्या बांधतायत, ज्या लेकरांचा फोन काढणार त्यातली काही त्यांच्याबरोबर आहेत, काही हंगामी वसतिगृहात आणि काही आजीजवळ. आजीजवळच्या लेकरांना तर आईचा आवाजच त्या फोनमधून ऐकू येतो, त्याला दंड लावणार का? कोरम भरेल, ते मला माहीत आहे. १५ टक्के किंवा १०० माणसं, तेवढी झेंडावंदनाला आलेली असतातच. पण कागद पुरा होईल, गाव पुरं व्हायचं नाही.

नियमात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची आहे. आपल्याकडं ती रजिस्टरवर होते. सरपंचताई, तुम्ही स्वतः ती घ्या, भाऊंना पाठवू नका. भाऊंबद्दल माझं काही वाईट मत नाही, ते माझं गिऱ्हाईक आहेत. पण पोरींनी त्यांच्यासमोर काय बोलावं? आणि त्या सभेला नववी ते बारावीच्या पोरी बोलवा, मागं बसल्या तरी चालतील. त्यांना मतदान नाही, ठरावाला हात वर करता येणार नाही, पण बोलता तर येतं. फोटो फिरवण्याचं काय करायचं, रात्री किती वाजता फोन ठेवायचा, हे त्यांना विचारलं तर तुमच्या-माझ्यापेक्षा शहाण्या गोष्टी निघतील. पोरांना वेगळं बोलवा, त्यांना बोलायची जबाबदारी मी घेतो. कव्हर लावून दिलं होतं, त्याची तेवढी भरपाई.

२६ ला टपरी बंद ठेवून मी येणार आहे. विषय पुढं ढकलला तर मागं बसून पेढा खाईन. नाही ढकलला तर उभं राहून हेच सगळं बोलीन, आणि तेव्हा बाकाची गोष्ट सांगताना माझा आवाज बसला तर हसू नका.

आपला,
स्टँडजवळचा मोबाईलवाला

ता. क. उपसरपंच, तुमच्या फोनचा डिस्प्ले बीडहून आलाय. बसवायला घेतला तेव्हा फोन चालू करावा लागला. तुमच्या नातवाचे आकरा व्हॉइस मेसेज आलेत फडावरून. मी उघडले नाहीत. आज-उद्या येऊन घेऊन जा.